लहानपणीच्या गाण्याचं देणं, कॅन्सरच्या मुलांसाठी : अनुभव धागा

कोकणात वाढलेल्या माणसाला गाणं विकत घ्यावं लागत नाही. नमन-खेळे अंगणात येतात, गणपतीत जाखडीवाले घरोघर नाचतात, देवळासमोर दोन भजनी बुवांची डबलबारी रंगते, तळकोकणात जत्रेला रात्रभर दशावतार असतो आणि शिमग्यात पालखीपुढे ढोल. ज्यांनी आम्हाला हाताला धरून ताल शिकवला त्यांनी कधी फी मागितली नाही, आणि त्यांतले बहुतेक आता हयात नाहीत. मग हे देणं फेडायचं कुणाकडे?

गेल्या काही वर्षांत माझ्या ओळखीच्या मंडळींत एक गोष्ट वारंवार दिसली. भजनी मंडळातले गडी, पेटीवाले, गाण्याचे क्लास घेणाऱ्या बाया, यांतले बरेच जण कर्करोग झालेल्या मुलांसाठी काही ना काही करतात. कुणी दरमहा पैसे देतं, कुणी प्लेटलेट (रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तातल्या पेशी) देतं, कुणी मुंबईत राहण्याची सोय बघतं. का करता, असं विचारलं की उत्तर हमखास लहानपणापासून सुरू होतं. ‘आमचे बुवा होते ना...’ म्हणून हा धागा काढला. तुमचं गाणं कुठून आलं, या मुलांपर्यंत तुम्ही कसे पोचलात, कशाचा उपयोग झाला आणि कशाचा नाही, हे मोकळेपणाने लिहा. आपापल्या बोलीत लिहिलंत तर अधिक आनंद.

मुलांची नावं आणि फोटो टाकू नका. खाते क्रमांक, क्यूआर कोड नकोत. सुरुवात मीच करतो.

मृदंगवाला (राजापूर)

आमचे बुवा परळच्या गिरणीत साच्यावर कामाला होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि बुवांना काही पुन्हा आत जायला मिळालं नाही. ते गावाला आले ते एक ट्रंक आणि फडक्यात बांधलेला मृदंग घेऊन. दिवसा दुसऱ्याच्या शेतावर मजुरी आणि रात्री जेवणं झाली की आम्हा पोरांना ओटीवर बसवून ताल. धुमेला, म्हणजे मृदंगाच्या डाव्या तोंडाला, लावायची कणीक आई मळून द्यायची, तेवढीच काय ती आमच्या घरातून गेलेली गुरुदक्षिणा. भातलावणीच्या दिवसांत माणसं जेवताना पेंगायची, पण बुवा बसायचे. अभंग झाला की गजर, मग गौळण, आणि तेवढ्यात एखाद्या पोराचा हात चुकला की ओरडणं नाही, फक्त स्वतःच्या मांडीवर तोच बोल पुन्हा वाजवून दाखवायचे. आपण ज्या माणसाकडून घेतोय त्याचा रोजगार बुडालाय, हे आम्हाला कळायचं वयही नव्हतं.

परळ हे नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं. एका खोलीत गाववाल्यांची बिऱ्हाडं, पाळीपाळीने झोपणं, गुरुवारचं भजन. पुढे नोकरीला मुंबईत आलो आणि ऑफिसातल्या एकाच्या मुलीला भेटायला टाटा हॉस्पिटलला गेलो. बाहेरच्या फुटपाथवर गाठोडी घेऊन बसलेली माणसं होती, त्यांत लांज्याचे हेल होते, देवगडचे होते. ज्या परळात आमची माणसं पोट भरायला यायची त्याच परळात आता मूल वाचवायला येतात. टाटा हॉस्पिटल तिथे १९४१ पासून आहे, म्हणजे बुवा त्याच्या भिंतीवरून रोज गिरणीत जात असणार.

त्या मुलीच्या वडिलांनी मला समजावलं की औषधाइतकाच प्रश्न जागेचा असतो. केमोने पांढऱ्या पेशी उतरतात, त्याला तिथे सगळे ‘काउंट पडले’ म्हणतात. अशा वेळी साधा जंतुसंसर्ग जिवावर बेततो. ते मूल फुटपाथवर किंवा पाव्हण्यांच्या भरलेल्या खोलीत राहिलं तर उत्तम डॉक्टर असूनही हातचं जातं, नाहीतर आईबाप कंटाळून, कर्जात बुडून, उपचार अर्धवट टाकून गावाला परततात. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून मुंबईत अशा कुटुंबांना उपचार चालू असेतो विनाशुल्क, स्वच्छ जागा देते. परळ, कॉटन ग्रीन, खारघर अशी केंद्रं आहेत. मी तिथे दरमहा खात्यातून परस्पर जाईल अशी रक्कम लावली. आमचं मंडळ डबलबारीच्या प्रत्येक सुपारीतला ठरावीक हिस्सा देतं. बुवांची तसबीर मंडळाच्या पेटीवर असते, आणि पावती आली की आधी तिथे ठेवतो.

बकुळ (संगमेश्वर तालुका)

दादा, तुम्ही फुटपाथ लिहिलात. मी त्या बाजूची आहे.

मुलगा पाच वर्षांचा असताना सारखा ताप यायचा, गुडघे दुखतात म्हणायचा, उचलून घ्या म्हणायचा. वाढीचं दुखणं असेल म्हणून तेल लावलं. मग अंगावर मार न लागता निळे डाग दिसायला लागले. रक्त तपासलं आणि तिथून थेट मुंबई. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, त्यातला एएलएल हा प्रकार. मुलांच्या कर्करोगात हाच सगळ्यांत जास्त आढळतो आणि बराही होतो, असं पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगितलं होतं. ‘बरा होतो’ हे दोन शब्द मी त्या रात्री कितीदा म्हटले असतील.

पण बरा व्हायला लागतात दोन-अडीच वर्षं. आधी महिनाभर जोराची औषधं, मग पुढचे टप्पे, पाठीतली इंजेक्शनं, बोन मॅरोच्या तपासण्या, आणि शेवटी घरी राहून रोजच्या गोळ्या, त्याला मेंटेनन्स म्हणतात. सुरुवातीला आम्ही मुंबईजवळ दिवा स्टेशनला दिराकडे राहिलो. त्यांनी काही कमी केलं नाही. पण एका खोलीत सात माणसं, आणि लोकलच्या गर्दीतून तोंडाला मास्क बांधलेलं पोर घेऊन परळ गाठायचं. दोनदा ताप येऊन ॲडमिट झाला. मग हॉस्पिटलातल्या समाजसेवा विभागातल्या ताईंनी संस्थेच्या जागेसाठी कागद केले. तिथे स्वतःचा पलंग, स्वतःचं कपाट, सगळ्यांसाठी स्वयंपाकघर. मी माझ्या हाताने पेज करून त्याला घालू शकले. याची किंमत कुणाला सांगून कळायची नाही.

गाण्याचं म्हणाल तर माझी आई आणि आजी गौरीच्या गाण्यांना पुढे असायच्या. रात्ररात्र फुगड्या. मला ती गाणी पाठ होती पण कुणासमोर म्हणायची लाज वाटायची. तिथे तोंडात फोड येऊन पोरगा रडायचा तेव्हा मी हळू आवाजात तीच म्हणायची. शेजारच्या पलंगावर बिहारची बाई, पलीकडे बंगालची. भाषा कळत नव्हती, पण त्या थांबू द्यायच्या नाहीत. मग त्या त्यांची म्हणायच्या. आजीच्या गाण्याने मला त्या दिवसांत उभं ठेवलं, हे मी आज पहिल्यांदाच लिहितेय.

देणाऱ्यांना एक सांगायचंय. पहिल्या महिन्यात सगळे देतात. गाव देतो, मंडळ देतं, शाळेतली मुलं खाऊचे पैसे देतात. दुसऱ्या वर्षी फोनसुद्धा येत नाही. कारण मूल तोवर बरं दिसायला लागतं, केस येतात. पण गोळ्या चालू असतात, तपासणीला जायचं असतं, यांची मजुरी बुडत असते, आणि घरी ठेवलेली थोरली मुलगी परीक्षेला एकटी बसत असते. म्हणून थोडं द्या, पण शेवटपर्यंत द्या. माझा मुलगा आता शाळेत जातो आणि शिमग्याला ढोल सोडत नाही. आम्ही त्याच्या वाढदिवसाला कपडे घेत नाही. त्या संस्थेच्या स्वयंपाकघरासाठी तांदूळ देतो, आमच्याच शेतातले.

मृदंगवाला

ताई, तुमचं वाचून मंडळाच्या बैठकीत हेच मांडणार आहे. बुवा एक दिवस येऊन टाळ्या घेऊन गेले नाहीत, ते वर्षानुवर्षं रोज बसले. देणगी तशीच असायला हवी. आमच्यातले काही जण ‘एक मोठा कार्यक्रम करू, मोठा चेक देऊ’ म्हणतात. मला ते पटत नव्हतं, पण कारण सांगता येत नव्हतं.

पायपेटी (कुडाळ)

माका लिवची सवय नाय, म्हणान थोड्यात सांगतंय. मी दशावतारात पेटी वाजवतंय. ल्हान असताना जत्रेत नाटक सुरू झाला की सगळी पोरां सोंगांकडे बघीत, मी पेटयेवाल्याच्या पायांकडे बघीत बसय. ती पायपेटी, भातो पायान चलवचो, म्हणान दोनय हात मोकळे. एका म्हाताऱ्या पेटयेवाल्यान माका बाजूक बसवन घेतल्यान आणि माझी बोटां पट्टेर ठेयल्यान. तेणी माझ्याकडसून एक पैसो घेवक नाय. उलट पहाटे चाय पाजी.

आमच्या वाडीतल्या एका चेडवाच्या किडनीत गाठ झाली. विल्म्स ट्यूमर म्हणान सांगितल्यानी, ऑपरेशन आणि केमो दोनय करूचा लागला. तेव्हा आमच्या कंपनीन ठरयल्यान, एका रातीच्या नाटकाचे सगळे पैशे तिका. राजा, राक्षस, संकासूर, स्त्रीपार्टी, कोणीच नाईट घेवक नाय. तेच्यानंतर दर वर्सा एक नाटक असाच होता. पण आता आमी एका घराक देणव नाय, मुलांच्या उपचारासाठी जो फंड असता तेच्यात चेकान भरतंव. जेच्या गावात दशावतार नाय, जेका कोणी गाववालो नाय, त्या पोराक कोण देतलो? म्हातारो पेटयेवालो माझो कोण होतो? कोण नाय.

खाडीपलीकडची (मूळ गुहागर, सध्या मुंबई)

मी परिचारिका आहे, मुलांच्या कर्करोग विभागात काम केलंय. कुठलं हॉस्पिटल ते लिहीत नाही. माझे आजोबा नमनात गण म्हणायचे, त्यामुळे धागा उघडल्यावर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

गाण्याचे लोक मनापासून येतात आणि म्हणतात, ‘वॉर्डात भजन करू, मुलांना बरं वाटेल.’ कृपा करून परस्पर येऊ नका. दहा माणसं, दहा जणांचा खोकला, ढोलकीवरची धूळ. ज्या मुलाचे काउंट पडलेत त्याला हे सोसत नाही. फुलं नकोत, उघडी मिठाई नको, घरातली जुनी कापडी खेळणी नकोत. काउंट कमी असताना आम्ही मुलांना कच्चं, उघड्यावरचं काहीच देत नाही, पाणीसुद्धा उकळून. गाणं करायचं तर बाहेर राहण्याच्या केंद्रात, त्यांच्या माणसांना विचारून, दोघं-तिघं या. मुलांना वाजवायला द्या. त्यांच्या हातात सुई असते, टोचून घेण्यापलीकडे त्यांना दिवसभर काही करता येत नाही. एका मुलीला पेटीचा भाता ओढायला दिला होता, ती तासभर सोडेना. ती गात नव्हती, फक्त सूर धरून ठेवत होती. अशा मुलांकडे बघितलं की मला कळतं, आमचे आजोबा गावभर पायी का फिरायचे.

आता माझी खरी मागणी. प्लेटलेट द्या. केमोनंतर प्लेटलेट उतरतात, नाकातून, हिरड्यांतून रक्त यायला लागतं. साठवून ठेवू म्हटलं तर प्लेटलेट पाच दिवसच टिकतात. त्यामुळे रक्तदान शिबिरात एकदा हजार बाटल्या जमवून हा प्रश्न सुटत नाही, रोज कुणीतरी यावं लागतं. मशीनवर एकाच दात्याकडून प्लेटलेट काढतात आणि बाकीचं रक्त परत त्याच्या शरीरात सोडतात. साधारण दीड तास लागतो. शरीर त्या काही दिवसांत भरून काढतं, म्हणून नियमाप्रमाणे वर्षातून २४ वेळांपर्यंत देता येतात. तीन दिवस आधीपासून ॲस्पिरिन घेतलेली नको, वजन ५० किलोच्या वर हवं.

आणि हे मुद्दाम कोकणातल्यांना सांगते. गणपतीत मुंबई रिकामी होते. त्यात नेहमीचे दातेही गावाला गेलेले असतात. मे महिन्यात तेच. मुलांच्या प्लेटलेट मात्र चतुर्थी बघून पडत नाहीत. मंडळांनी जाण्याआधी आणि आल्यावर दात्यांच्या तारखा वाटून घेतल्या तर ते कुठल्याही चेकपेक्षा मोठं काम होईल.

हर्णै बंदर

माझे अब्बा मच्छीमार. आमच्या घरी गाणं म्हणजे ट्रान्झिस्टर. होडीवर तो हवामानासाठी घेतलेला, पण अब्बा किनाऱ्याला आले की तो अम्मीच्या ताब्यात. रत्नागिरी आकाशवाणीवर काय लागायचं ते सगळं आमच्या घरात पाठ होतं. अभंग, कव्वाली, नाट्यगीत, आम्ही फरक करत नव्हतो. मोहल्ल्यातल्या मुलांना अंगणात बसवून अम्मी आवाज मोठा करायची. बंद कर म्हणून कधी बोलली नाही. ती गेल्यावर तिच्या नावाने सदका कुठे द्यावा असा विचार करत होतो, तेव्हा दापोलीच्या एका कुटुंबाची तिकिटाची अडचण कळली.

तेव्हापासून मी प्रवासाचं बघतो. इथे वाचणाऱ्यांनी लोकांना सांगावं : उपचाराला किंवा तपासणीला जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला त्या वर्गात ७५ टक्के. हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्यायचं आणि खिडकीवर दाखवायचं. एसटीतही सवलत आहे. खूप कुटुंबांना हे माहीतच नसतं, आणि पोराला घेऊन जनरलच्या डब्यात उभे राहतात. खारघरच्या केंद्राला जायचं असेल तर पनवेललाच उतरावं, परळला जायचं तर तुतारी एक्सप्रेस थेट दादरला सोडते. उरतं ते स्टेशनपासूनचं रिक्षाभाडं, रात्रीचं खाणं, आणि अचानक बोलावणं आलं तर भाड्याची गाडी. ते पैसे मी देतो. अम्मीचा ट्रान्झिस्टर अजून चालू आहे.

निवृत्त बाई (सावंतवाडी)

मी थोडं वेगळं लिहिते, कुणी मनाला लावून घेऊ नये. कृतज्ञतेपोटी देणं चांगलंच. पण माझ्या मनात शंका येते की आपण आपल्याला गोड आठवण देणाऱ्या मुलांकडेच वळतो का? गाणारं, हसणारं मूल आपल्याला जवळचं वाटतं. गप्प बसणारं, चिडणारं, औषध थुंकून टाकणारं मूलही तेवढंच आजारी असतं.

दुसरं, पैसे देण्याआधी आपल्या शाळा-अंगणवाडीत डोळे उघडे ठेवणं हे आपल्या हातातलं आहे. मी आयुष्यभर बालवर्गाला बडबडगीतं शिकवली. साभिनय गाणी घेताना मुलं कशी हलतात ते शिक्षकाला रोज दिसतं. कालपर्यंत उड्या मारणारं मूल आज बसून राहतंय, वरचेवर ताप, अंग पांढरं पडलंय, कारण नसताना काळेनिळे डाग, मानेत वा काखेत न दुखणारी गाठ, पोट एका बाजूला फुगलेलं, सकाळी उठल्याउठल्या डोकेदुखी आणि ओकारी. आणि लहान बाळाच्या फोटोत एका डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली तर थांबायचंच नाही. तो रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याचा कर्करोग, असू शकतो, लवकर कळला तर जीव वाचतोच, बऱ्याचदा डोळाही वाचतो. यातलं प्रत्येक लक्षण म्हणजे कर्करोग नव्हे. पण दोन आठवड्यांत उतरलं नाही तर रक्त तपासा असं आईला सांगायला काय लागतं? चिपळूणजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयासारखी जागा आहे, प्रत्येक शंकेला मुंबई गाठायला नको.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली जगासाठी उद्दिष्ट ठेवलं ते २०३० पर्यंत कर्करोग झालेली किमान ६० टक्के मुलं वाचावीत असं. श्रीमंत देशांत आजच ८० टक्क्यांहून अधिक वाचतात. औषधं काही फार वेगळी नाहीत. उशिरा कळणं, अर्धवट सोडणं, संसर्ग, कुपोषण, यांत आपली मुलं जातात. मी वर्षातून एकदा, १५ फेब्रुवारीच्या बालकर्करोग दिनाला, आजूबाजूच्या अंगणवाडी सेविकांना बोलावते आणि ही लक्षणं सांगते. गाणं करून सांगितलं की त्यांच्या लक्षात राहतं, म्हणून चाल लावून दिली आहे.

खाडीपलीकडची

बाई, तुमच्या शंकेचं उत्तर माझ्याकडे नाही, पण ती शंका मला आवडली. कुपोषणाबद्दल लिहिलंत म्हणून पुस्ती : मूल हडकुळं असेल तर त्याला केमो झेपत नाही, डोस पुढे ढकलावे लागतात. कडल्स फाउंडेशन नावाची संस्था फक्त कर्करोगाच्या मुलांच्या आहारावर काम करते, हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ देते, घरी शिधा देते. ज्यांना ‘नेमकं कशाला पैसे गेले’ हे हवं असतं त्यांनी तिकडेही बघावं.

सुरंगी (वेंगुर्ला)

मी गाण्याचे वर्ग घेते. माझ्या गुरूंनी माझ्याकडून फी घेतली नाही कारण वडील वारले होते. त्यांनी एवढंच म्हटलं होतं की पुढे जमेल तेव्हा कुणाला तरी दे. गुरुपौर्णिमेला मुलं पाकीट, साडी, श्रीफळ घेऊन येत. काही वर्षांपूर्वी मी पालकांना सांगितलं, श्रीफळ आणा, पाकीट एका डब्यात टाका, त्यावर नाव नको. त्या महिन्याची माझी फीही त्यातच. सगळे पैसे आजारी मुलांसाठी. एका पालकांना आवडलं नाही. ‘लहान मुलांसमोर कॅन्सरचं नाव कशाला?’ म्हणाले. मी मुलांना इतकंच सांगते की तुमच्या वयाची काही मुलं फार दिवस शाळेत जाऊ शकत नाहीत, त्यांच्या जेवणाखाण्यासाठी आपण देतो. मुलं घाबरत नाहीत. विचारतात, ‘त्यांना गाणं कोण शिकवतं?’

ताशा (अलिबाग तालुका)

वाचत होतो, लिहू की नको करत होतो. मी आठ वर्षांचा असताना मला हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कर्करोग, झाला होता. मानेत गाठ. आता मी चोवीस वर्षांचा आहे, कोळीवाड्यातल्या बँडमध्ये ताशा वाजवतो, दिवसा बर्फाच्या कारखान्यात हिशेब बघतो.

हॉस्पिटलमधून परत आलो तेव्हा शाळेतली मुलं शेजारी बसत नव्हती, लागण होते म्हणून. लागण होत नाही हे इथे पुन्हा एकदा लिहितो, कारण अजून लोक विचारतात. बँडच्या मास्तरांनी मला बोलावलं आणि काठ्या हातात दिल्या. त्यांनी आजाराचं एक अक्षर विचारलं नाही. हात दुखले तर थांब, एवढंच. दर्याला नारळ वाहायच्या मिरवणुकीत मी त्याच वर्षी वाजवलं. माझ्यासाठी बरं होणं तिथे झालं.

देणाऱ्यांना माझी विनंती. आम्हाला स्टेजवर उभं करून ‘बघा हा मुलगा’ म्हणू नका. लहानपणी मला एका कार्यक्रमात असं उभं केलं होतं, माईकवरून माझा आजार सांगितला, समोर माझ्या वर्गातली मुलगी बसली होती. पैसे जमले असतील. मी वर्षभर घराबाहेर गेलो नाही. मूल लहान असलं तरी त्याला विचारा. त्याने नाही म्हटलं तर आईबापांचं हो सुद्धा चालवून घेऊ नका.

आणि उपचार संपले की काम संपलं असं नसतं. दरवर्षी तपासणी असते, काहींना औषधांचे परिणाम उशिरा दिसतात, नोकरीच्या फॉर्मवर काय लिहायचं हा प्रश्न असतो, लग्नाचा तर वेगळाच. इंडियन कॅन्सर सोसायटीचा ‘उगम’ नावाचा गट आहे, लहानपणी कर्करोगातून बरे झालेल्यांचा. तिथे गेल्यावर पहिल्यांदा माझ्यासारखी इतकी माणसं एका खोलीत बघितली. त्यांच्या शिक्षणाला, नोकरीला मदत करा. मी माझ्या सुपारीतले पैसे तिथे देतो. मास्तर आता थकलेत. त्यांना सांगितलं तर म्हणाले, ‘मना कशाला सांगतस, वाजव.’

मृदंगवाला

भावा, तुझं लिहिणं मी मंडळातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत एका मुलाचा फोटो घालायचं ठरलं होतं. तो काढला.

खातेवही (चिपळूण)

भावनेत भर घालण्यासारखं माझ्याकडे फार नाही, शेजारच्या देवळातलं काकडआरतीचं भजन ऐकत मोठा झालो एवढंच. मी हिशेबाचं काम करतो, म्हणून मंडळांसाठी उपयोगाचं लिहितो. संस्थेकडे ८०जीची (देणगीवर आयकरात सूट मिळण्यासाठीची) नोंदणी आहे का ते आयकर खात्याच्या संकेतस्थळावर दिसतं, तिथे बघा. दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिलीत तर त्या रकमेवर सूट मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत असाल तर ही सूट मुळातच नाही. मंडळाच्या नावाने जमा केलेले पैसे कुणा एकाच्या खात्यात ठेवू नका, मंडळाचं खातं काढा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मुलांच्या फोटोखाली असलेल्या नंबरवर पैसे टाकण्याआधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात फोन करून विचारा. बऱ्याचदा तो फोटो जुना असतो. हॉस्पिटलच्या स्वतःच्या खात्यात, मुलांच्या विभागासाठी म्हणून देता येतं. टाटा हॉस्पिटलमध्ये मुलांच्या उपचारासाठी इम्पॅक्ट फाउंडेशन आहे, तिकडून रीतसर पावती येते.

गावात एखाद्या घरी असं दुखणं आलं तर आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते बघा. जे सरकारकडून मिळतं त्यासाठी मंडळाने पैसे खर्ची घालू नयेत, ते बकुळताईंनी लिहिलेल्या दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवावेत.

बकुळ

दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवा म्हटलंत, त्याबद्दल आभार. काल हर्णैच्या भाऊंनी लिहिलेली रेल्वेची माहिती मी आमच्या ओळखीच्या दोन घरांना वाचून दाखवली. एकाला ठाऊकच नव्हतं, ते दर खेपेला पूर्ण तिकीट काढून जात होते.

मृदंगवाला

प्लेटलेटचं आम्ही मनावर घेतलंय. आमच्या मंडळाचे मुंबईत राहणारे एकोणीस जण आहेत. त्यांतले जे गणपतीला गावी येत नाहीत ते चतुर्थीपासून पाचव्या दिवसापर्यंतच्या तारखा घेतील, दीड दिवसाचे गणपती असलेले परत आल्यावर पुढच्या. रक्तगट, वजन आणि तारीख अशी वही केली आहे, रक्तपेढीत आधी बोलून ठरवायचं आहे. इतर मंडळांनी आपापली वही करावी आणि कुठल्या तारखा रिकाम्या राहतात ते इथे लिहावं. खाडीपलीकडच्या ताई, रक्तपेढीत नेमकं कुणाशी बोलायचं ते तेवढं मला कळवा.